सप्ताहाचं तेल

बाटलीचं झाकण सैल केलं आणि पुनमला ओव्याचा वास आला. डिझेलच्या बाटलीतून ओव्याचा वास. तिने झाकण पुन्हा घट्ट केलं, खिडकीकडे तोंड करून दोन मोठे श्वास घेतले आणि मग परत उघडलं. डिझेलचा वास तिला आता वास वाटतच नसे. जळगावच्या एमआयडीसीतल्या या प्रयोगशाळेत वर्षं गेली, साडीला, वेणीला, डब्यातल्या पोळीलासुद्धा तो वास येत असेल, पण तिच्या नाकाला त्याचं काही देणंघेणं उरलं नव्हतं. म्हणूनच त्याच्या तळाशी दबून बसलेलं ते दुसरं काहीतरी तिला इतकं लख्ख लागलं. तापलेली कढई, त्यात सोडलेले कणकेच्या बट्टीचे तुकडे, हळदीचा पिवळा फेस आणि त्यावर तरंगणारा ओवा. तिचे दात आपोआप एकमेकांवर आले, जणू ओव्याचा एखादा दाणा त्यांच्यात सापडला होता. लेबल तिने वाचलं ते त्यानंतर. एका टेम्पोच्या टाकीतला नमुना. गाडी पारोळ्याच्या पुढे रस्त्यात बंद पडली, इंधनात प्रक्रिया न केलेलं, कच्चं खाद्यतेल असल्याचा संशय. पुरवठा करणारा नूर महंमद, बायोडिझेलवाला, जळगाव. तक्रार करणारं भजनी मंडळ. आणि मंडळाच्या नावापुढे पांझरेकाठचं जे गाव लिहिलं होतं, ते तिचं होतं.

ती बाटली हातात घेऊनच सुनंदाबाईंच्या केबिनमध्ये गेली. सुनंदाबाई प्रयोगशाळेच्या मुख्य. निवृत्तीला आलेल्या, टेबलावर तुळशीचं रोप ठेवणाऱ्या, आणि कुणालाही अगं-अरे केल्याशिवाय बोलू न शकणाऱ्या.

"मॅडम, हा नमुना माझ्या माहेरच्या गावचा आहे."

"म्हणजे काय गं?"

"तक्रार भजनी मंडळाची आहे. माझे वडील, वना आबा, त्यात मृदंग वाजवतात. वाजवायचे. आता हात चालत नाही, पण मंडळ अजून त्यांचंच आहे म्हणा ना."

"अगं, खान्देश आहे हा. इथे कुणाचा कुणीतरी निघतोच. माझ्या नणंदेच्या पंपाचा नमुना मी नाही का काढला? वर्षभर बोलत नव्हती माझ्याशी." सुनंदाबाई हसल्या. "मशीनला माहेर नसतं, पुनम. लाव जा. परवा रिपोर्ट द्यायचाय. त्या बायोडिझेलवाल्याचा परवाना त्याच्यावर लटकलाय."

मशीनला माहेर नव्हतं हे खरंच. थंडगार खोलीत ते आपलं एका लयीत घुमत बसलेलं असे. त्याच्या काचेसारख्या स्फटिकावर एक थेंब ठेवायचा, खालून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडायचा, आणि थेंबाने त्यातला कोणता भाग गिळला ते पडद्यावरच्या रेषेत पाहायचं. साध्या डिझेलची रेषा एका जागी सपाट असते. बायोडिझेल मिसळलं की बरोबर त्याच जागी, सतराशे पंचेचाळीसच्या आसपास, एक टोक उभं राहतं. जितकं बायोडिझेल जास्त तितकं टोक उंच. उंची मोजायची, टक्का काढायचा, खाली सही करायची. नूर महंमदने दहा टक्के मिसळून दिलं होतं. टोक उभं राहिलं आणि वर वर गेलं; टक्का निघाला जवळजवळ दुप्पट. पुनम त्या टोकाकडे बघत बसली. तेलाचं आणि बायोडिझेलचं टोक एकाच जागी उगवतं, हे तिला माहीत होतं. भज्याच्या कढईतलं तेल घ्या, त्यावर प्रक्रिया करा, त्याचं पातळ बायोडिझेल होईल. पण दोघांच्याही पोटात कार्बन-ऑक्सिजनची तीच जोडी, आणि प्रकाश त्या जोडीला ओळखतो. बायोडिझेलला मात्र एक लहानशी वेगळी खूण असते, पुढे अकराशे शहाण्णवच्या जवळ, प्रक्रियेत चिकटलेली. कच्च्या तेलाला ती नसते. पुनमने ती खूण मोजली. ती दहाच टक्क्यांची निघाली. म्हणजे उरलेलं सगळं कच्चं तेल. तक्रारीत जे म्हटलं होतं, तेच.

इतकं झालं की काम संपतं. पण तिचा हात सहीकडे जाईना. धुळ्याच्या कॉलेजात, एका उन्हाने तापलेल्या वर्गात, हे सगळं पहिल्यांदा समजलं होतं तो दिवस तिला आठवला. सर फळ्यावर दोन गोळे आणि मधे स्प्रिंग काढून सांगत होते की रेणूतला प्रत्येक बंध आपापल्या ठेक्यात थरथरतो, आणि त्याच ठेक्याचा प्रकाश आला तरच तो घेतो, बाकीचा जाऊ देतो. वर्ग जांभया देत होता. पुनम मात्र ताठ बसली होती, कारण तिला फळ्यावर आबा दिसत होते. कीर्तन उभं राहण्याआधी मांडी घालून बसलेले आबा. मांडीवर मृदंग, आणि डाव्या हाताशी परातीतून मागून आणलेला कणकेचा गोळा. मृदंगाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापायची, वाजवून पाहायचं, चिमूटभर काढायची, पुन्हा वाजवायचं. आबा त्या वेळी कुणाकडे बघत नसत. मान कलती करून ते फक्त ऐकत, आणि आवाज हवा तिथे आला की त्यांच्या कपाळावरची एक शीर सैल पडे. मग महाराज विठ्ठलाचं नाव घेत, टाळ उचलले जात, आणि देवळासमोरचा मांडव एकदम जमिनीवरून वीतभर वर गेल्यासारखा वाटे. ती कणीक बट्टीच्या परातीतली असायची. स्वैपाकाच्या बायकांत तिची आई असायची, भागाबाई, आणि आबांना गोळा द्यायला पुनमच पळायची. आई ओरडायची, "ओवा नही टाकेल लई जाय, नही ते मृदंग शिंकी!" मृदंगाला शिंक येते असं पुनमला खूप वर्षं खरंच वाटत होतं.

दत्तजयंतीचा सप्ताह. मार्गशीर्षातली थंडी, ओल्या शेणाचं सारवण, पहाटेच्या काकड्याला जाताना तोंडातून निघणारी वाफ. रोज रात्री कीर्तन आणि शेवटच्या दिवशी काल्याचं. महाराजांच्या काल्याच्या कीर्तनात कृष्ण इतका खट्याळ असायचा की म्हाताऱ्या बायकाही पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि मग कुठल्याशा एका ओळीवर आवाज एवढा खाली यायचा की हसता हसताच त्यांचे डोळे भरायचे. पुनमला अजून कीर्तनात तेच हवं असतं. ती आजही जळगावात कुठे कीर्तन आहे कळलं की रिक्षा करून जाते. नवरा दीपनगरला वीजकेंद्रात, तो शनिवारी येतो, आणि म्हणतो, तुझी अर्धी कमाई रिक्षावाल्यांनी नेली. काला झाला की पंगत. वरण, बट्टी, घोटलेली वांगी. बट्ट्या आधी वाफवायच्या, मग चिरून मोठ्या कढयांत तळायच्या; कढया इतक्या मोठ्या की त्यात पुनमसारखी पोर मावली असती. पंगती उठल्या, भांडी घासली गेली, तरी कढयांमध्ये तेल उरायचंच. आणि हे तेल फेकायचं नसे. प्रसादाचं होतं ते. त्याला पाय लागू द्यायचा नाही, मोरीत जाऊ द्यायचं नाही, पैसे घेऊन तर मुळीच द्यायचं नाही. ते गाळून ठेवण्याचा मान आबांचा. दुसऱ्या दिवशी घरोघरच्या बायका वाट्या घेऊन यायच्या आणि आबा पळीने प्रत्येकीच्या वाटीत घालायचे. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. ते देव्हाऱ्यातल्या निरांजनात जायचं, थंडीने फुटलेल्या टाचांना लागायचं, बैलगाडीच्या आसाला, मोटेच्या जुन्या चाकाला, पोरींच्या केसांना. शाळेत बाई म्हणायच्या, तुमच्या गावच्या मुलींच्या वेण्यांना बट्टीचा वास येतो. आणि दारांच्या बिजागऱ्यांना. सप्ताहानंतर महिनाभर गावात एकही दार कुरकुरत नसे. रात्री कोण आलं, कोण गेलं, काही कळायचं नाही. आई म्हणायची, देव गावात हिंडतो ना या दिवसांत, त्याचा आवाज व्हायला नको.

आता तिथे कोण वाटी घेऊन येणार होतं? निरांजनाच्या जागी लाल दिव्याची माळ आली, टाचांना मलम आलं, बैलगाड्या गेल्या, दारं लोखंडी झाली. मागच्या वेळी ती गावी गेली तेव्हा आईच्या जुन्या खोलीत डबे मांडलेले होते, वर फडकी बांधलेले; आबा म्हणाले होते, दखू काहीतरी. म्हातारा माणूस आणि वर्षावर्षाचं न संपलेलं तेल. त्या खोलीत गेलं की आई गेल्यासारखी वाटत नसे, एवढा ओव्याचा वास.

पुनमने मोबाइल घेतला आणि जिन्याखाली गेली. तिच्या मनात काय होतं ते तिने मनाला विचारलं नाही.

"कोन, पुनम?" आबांचा आवाज नेहमीसारखा, फोन तोंडापासून लांब धरून ओरडल्यासारखा. "आज कशी काय सय वनी? जेवनी का?"

"जेवनू आबा. सप्ताह कसा व्हयना?"

"सप्ताह झकास. पन मंग एरंडोलनं कीर्तन बुडनं ना. गाडी रस्तामा उभी. पद्मालयकडलं गाव, लोके मांडवमा बठेल, महाराज तठे जाई बठेल, आनि आपला टाळ-मृदंग पारोळाना रस्तावर." मधे श्वास. "कीर्तन बुडनं, पुनम. मना उभा जल्ममा मंडय पोचनं नही असं कधी व्हयनं नही. तो नूर महंमद. लबाड."

"आबा," तिने जिन्याच्या कठड्याची गंजलेली कड नखाने खरवडली. "औंदा तेल उरनं व्हई ना?"

"उरनं ना! पन औंदा थेंब बी वाया नही गया." आवाज एकदम तरणा झाला. "त्या नूर महंमदना मानूस वना व्हता, सांगी ग्या, तयेल तेलवर गाड्या चालतस म्हनीसन. मंग मी सोता मंडयना टेंपोना टाकीमा वती दिधं. गाळीसन. नवं फडकं लाईसन. प्रसाद कीर्तनना गाडीना पोटमा ग्या, आखो काय पाहिजे?"

आबा पलीकडून "हॅलो, हॅलो" करत राहिले, मग त्यांना वाटलं रेंज गेली, आणि त्यांनी फोन ठेवला. पुनम जिन्याखाली तशीच उभी राहिली. म्हणजे आबांनी ऐकलं ते अर्धं होतं आणि केलं ते पूर्ण मनापासून. तळलेल्या तेलावर गाड्या चालतात हे खरंच होतं. मधे त्या तेलाचं दुसरंच काही करावं लागतं, भट्टी लागते, औषधं लागतात, खाली बसलेलं ग्लिसरीन काढून टाकावं लागतं, हे सांगणाऱ्याने सांगितलं नव्हतं किंवा आबांनी ऐकलं नव्हतं. कच्चं तेल मार्गशीर्षाच्या थंडीत फिल्टरमध्ये तुपासारखं थिजून बसलं. गाडी उभी राहिली. आणि इकडे तिच्या टेबलावर एक कागद होता, ज्यातला आकडा न् आकडा खरा होता, आणि जो गेला की एका निरपराध माणसाची भट्टी बंद होणार होती. टोक उंच का झालं हे रेषेने सांगितलं होतं. ते तेल कुणाच्या हातून पडलं हे रेषा कधीच सांगणार नव्हती. ते या जगात फक्त आबांना माहीत होतं, आणि आबांना आपल्याला ते माहीत आहे हेच माहीत नव्हतं.

बाहेर फाटकापाशी नूर महंमद बसलेला होता. वॉचमनने खुर्ची दिली होती पण तो पायरीवर बसला होता, पांढरा सदरा, मनगटापर्यंत तेलकट. तिला पाहून उठला.

"ताई, रिपोर्ट विचारायला नाही आलो. कायदा माहितीये मला."

"मग?"

"म्हटलं, माझ्याकडचा पण माल तपासा. पण तो ड्रम तर केव्हाच संपला. नवीन माल तपासून काय सिद्ध होणार?" तो स्वतःशीच हसला. "सगळ्या जळगावची हॉटेलं फिरतो मी, ताई. जळकं तेल मागतो. पोरं म्हणतात, अब्बा, तुमच्या सदऱ्याला कचोरीचा वास येतो. मी म्हणतो, कचोरी लोकांनी खाल्ली, वास माझ्या वाट्याला आला. परवान्यासाठी किती चपला घासल्या ते विचारू नका. आता लोक म्हणतात, नूरभाईने देवाच्या गाडीला फसवलं. गिऱ्हाईक गेलं तर परत येतं. हे नाव नाही जात."

"तुम्ही घरी जा," पुनम म्हणाली. याहून जास्त काही सांगण्याचा तिला अधिकार नव्हता, आणि याहून कमी सांगणं तिला जमलं नाही. "घरी जा, नूरभाऊ. उन्हात बसू नका."

"थंडीचे दिवस आहेत, ताई," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की जणू तिच्याच घरी काही वाईट घडलंय आणि तिची समजूत त्याने काढायला हवी.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. सकाळच्या एसटीत खिडकी मिळाली. एरंडोल, पारोळा, धुळे. या रस्त्यावरून ती लहानपणी मंडळाबरोबर जायची तेव्हा तो ट्रॅक्टर होता, मागे ट्रॉलीत टाळकरी पोती अंगाखाली घेऊन बसलेले, आणि मृदंगाला मात्र गोधडीत गुंडाळून आबांच्या कुशीत. मुलगी कशाला बरोबर, असं कुणी म्हटलं की आबा म्हणायचे, हाई मना कान शे. आबांनी तिला टाळ दिला नाही, मृदंग दिला नाही. ऐकायला मात्र बसवलं. अमुक गावचे लोक कीर्तनात बोलतात, तमुक गावचे शांत बसतात, अमुक देवळाचा सभामंडप आवाज गिळतो. हे तिला भूगोलाच्या आधी येत होतं. कपाशीची पांढरी शेतं मागे चालली होती. तिला वाटत होतं, आपण काय सांगणार आहोत त्यांना? आबा, तुमचं तेल म्हणजे तीन शेपट्यांचा एक रेणू. आबा, प्रसादाने कीर्तन बुडवलं. यातलं पहिलं खरं होतं आणि आबांना कळणार नव्हतं, आणि दुसरं इतकं वाईट होतं की तिचाच विश्वास बसत नव्हता. काल घरी जाताना ती देवळाच्या दारात थांबून आली होती. आत गेली नाही, नुसती चप्पल काढून उभी राहिली. देवाशी तिचं कधी भांडण झालं नव्हतं आणि आताही नव्हतं. पण त्याच्याकडे बघून तिला पहिल्यांदा वाटलं, तुझ्या प्रसादाचं काय करायचं तेसुद्धा लोकांनाच ठरवावं लागतं.

एक वाईट विचार पारोळ्याच्या आसपास आला. रिपोर्टवर सही केली असती तर आबा काहीच न कळता मेले असते. सुखाने मेले असते. औंदा थेंब बी वाया नही गया, म्हणत. बसमध्ये कुणीतरी मोबाइलवर कीर्तन लावलं होतं, कर्कश्श, आणि पुढच्या सीटवरचा एक म्हातारा मांडीवर बोटांनी ठेका धरत होता, चुकीचा. तिला त्याला थांबवावंसं वाटलं. मग तिने खिडकीची काच लावली आणि गार वाऱ्यासाठी लगेच उघडली.

आबा ओट्यावर होते, सकाळच्या उन्हात, अंगावर आईची जुनी शाल. तिला पाहून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आधी काय विचारावं ते त्यांना सुचेना, म्हणून ते "ऊन कितलं शे, ऊन कितलं शे" म्हणाले. ती पाणी प्यायली. तिने चहा केला. आईच्या खोलीच्या दारापाशी जाऊन आली. डबे रिकामे होते, एकच उरला होता, अर्धा. मग ती ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं, घाई न करता, त्यांच्याच बोलीत. नमुना माझ्या हातात आला. त्यात तेल निघालं. नूर महंमदचं त्यात काही नाही. गाडी त्या तेलामुळे बंद पडली, आबा. तुम्ही ओतलेल्या.

आबांनी चहाची बशी खाली ठेवली. म्हणाले, "परसादथून कोनं वाईट व्हस का?"

शेजारची बाई कपडे वाळत घालताना थांबली होती, ऐकत होती का कोण जाणे. पुनमला कीर्तनातले किती दृष्टांत पाठ होते. एकही पुढे आला नाही. शेवटी तिच्या तोंडून निघालं ते तिला स्वतःलाच पोरकट वाटलं.

"प्रसाद मानूससाठे ऱ्हास, आबा. गाडीले पचना नही."

आबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या छातीत कुठेतरी खरखर झाली, आणि ती रडण्याची नाही, हसण्याची आहे, हे तिला कळायला क्षण लागला. "गाडीनं पोट बिघडनं," ते म्हणाले. "बट्टी खाईसन. आं? गाडीनं पोट बिघडनं!" ते हसत होते आणि शालीच्या टोकाने डोळे पुसत होते, आणि पुसता पुसता हसणं गेलं, शाल नुसती डोळ्यांवर राहिली. खालून त्यांचा आवाज आला. "लोके मांडवमा बठेल व्हतात ना, पुनम. वाट दखत."

"हा, आबा."

"आनि मी त्या नूर महंमदले शिव्या दिध्यात. चौकमा उभा राहीसन."

त्यांनी मंडळाचे अध्यक्ष रतिलालनाना यांना फोन लावायला सांगितला. नाना धुळ्याला दुकानात होते, घाईत होते. पुनमने फोन स्पीकरवर ठेवून आबांच्या हातात दिला. आबांनी सांगितलं, वाकडंतिकडं, मागचं पुढे, पण सगळं. पलीकडे नानांनी गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं.

"आबा, मग आता काय करायचं म्हणता?"

"तक्रार मांगे ल्या. लेखी द्या, तेल वनाना हातथून पडनं."

"अहो, लोक काय म्हणतील? तुम्ही मंडळाचे जुने माणूस. ज्या माणसाने हयात कीर्तनात घालवली, त्यानेच कीर्तन बुडवलं म्हणतील. हसतील लोक."

"हासू द्या."

"तुम्ही विचार करा जरा. मीच गुपचूप मागे घेतो तक्रार. कारण नका सांगू. काय?"

"कारन सांगानं," आबा म्हणाले. "तेन्हं नाव चौकमा ग्यं ना. गुपचूप कसं मांगे येई?" आणि त्यांनी लाल खूण शोधून, दोनदा चुकून, फोन बंद केला.

ऊन ओट्यावरून खाली सरकलं होतं. आबा काही वेळ आपले हात बघत राहिले. बोटांची पेरं सुजलेली, वाकडी, उजव्या तळव्याला अजून तो जुना घट्टा. मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "मी नही सांगतू ते तू काय करती?"

हा प्रश्न तिने रस्ताभर स्वतःला विचारला होता. सही केली असती. नमुना दुसऱ्या कुणाकडे दिला असता. मॅडमना सांगितलं असतं की माझे वडील असं म्हणतात, पण ते नाही म्हणाले तर माझ्याकडे पुरावा नाही. तिच्याकडे बरीच उत्तरं होती आणि प्रत्येक उत्तराला एक सही लागत होती. तिने तोंड उघडलं. "आबा, मी…" इतकंच झालं. ते वाट पाहत होते. रागावून नव्हे, ते जसे वाट पाहायचे तशी, मान किंचित कलती करून, ऐकत. तिला वाटलं, काहीही सांगितलं तरी यांना ऐकू येईल की ते कुठे पोकळ आहे. आबांनी मान सरळ केली. त्यांना काय ऐकू आलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि ते तिला विचारायची हिंमत झाली नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही.

"लाव," ते म्हणाले.

"कोले?"

"तेले. नूर महंमदले. तुना फोनमा व्हई ना नंबर?"

नंबर तिने कालच फाटकावरच्या नोंदीतून उतरवून घेतला होता; कशासाठी, ते तेव्हा तिला कळलं नव्हतं. तिने लावला. घंटी वाजली. आबांनी शाल नीट केली, टोपी नीट केली, जणू समोरून पाहणार होता तो. आयुष्यभर दुसरा माणूस बोलायचा, उभा राहून, आणि आबा खाली बसून त्याच्या बोलण्याला हात देत. स्वतः चार माणसांपुढे एक वाक्य पूर्ण बोललेले तिने त्यांना पाहिलं नव्हतं. पलीकडून फोन उचलला गेला. मागे मोटरीचा घरघराट, पत्र्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज.

"हॅलो! कोण?"

"नूर महंमदभाऊ का?" आबांचा आवाज बारीक निघाला. "मी आबा बोली राहिनू. वना. भजनी मंडयना. भाऊ, तुमना मालमा खोट नव्हती. ती गाडी मी बंद पाडी. परसादनं तेल व्हतं, मी टाकीमा वती दिधं. आनि तुमले नाव ठेवं. मना चुकनं."

पलीकडे घरघराट चालूच होता. आबा थांबले. शेजारची बाई आता उघडपणे ओट्याकडे तोंड करून उभी होती, आणि समोरच्या घरातून कुणीतरी बाहेर आलं होतं.

"काय? नाही ऐकू आलं!" नूर महंमद ओरडला. "एक मिनिट हां, भट्टी चालूये. ए, मोटर बंद कर रे! हां. आबा का? हां आबा, आता बोला. काही कळलं नाही मला. परत सांगा."

मोटर बंद झाली. फोनमधून एकदम स्वच्छ शांतता आली, आणि गल्लीतही कुणी बोलत नव्हतं. पुनमने हात पुढे केला, म्हणजे आपण सांगू. आबांनी तो हात हलकेच बाजूला सारला. गुडघ्यांवर जोर देऊन ते उठले, ओट्याच्या खांबाला धरून उभे राहिले, फोन तोंडाजवळ घेतला, आणि चौकापर्यंत जाईल एवढ्या आवाजात पहिल्यापासून सांगायला लागले.